घसा दुखतोय? गुळण्या कधी, गोळी कधी, डॉक्टर कधी

जूनमध्ये शाळा भरते, पहिला मोठा पाऊस होऊन आठ-दहा दिवस जातात, आणि माझ्या वर्गात कुणीतरी गळ्याला हात लावून उभं राहतं. "बाई, घसा दुखतोय. थुंकी गिळवत नाय." तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी २७ वर्षं शिकवते आहे. या वर्षांत किती घसे पाहिले याची गणती नाही. स्वतःचाही घसा वर्षातून दोनदा तरी धरतोच, कारण पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभर बोलावं लागतं.

मी डॉक्टर नाही. पण घशाच्या दुखण्याने आमच्या घरात जे घडलं, त्यामुळे या विषयाची मी जमेल तिथे माहिती घेतली आणि डॉक्टरांना विचारून विचारून पक्की केली. म्हणून आधी ते सांगते.

१९८७ चा श्रावण. माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. एका संध्याकाळी एकाएकी ताप चढला, घसा इतका दुखायला लागला की पेजही गिळवेना. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं. आईने तुळशीचा काढा दिला, हळद-गुळाच्या गोळ्या चघळायला दिल्या, मिठाच्या गुळण्या करवल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी ती भाकरी खाऊन शाळेत गेली. सगळ्यांना वाटलं, काढ्याने गुण आला. तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर घोटा, मग मनगट. शेजारच्या म्हणाल्या, वाढीच्या वयात सांधे दुखतात. जिना चढताना तिला धाप लागायला लागली तेव्हा दवाखाना गाठला. सांधेवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर, होऊन हृदयाच्या झडपेला इजा झाली होती. पुढे कितीतरी वर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, आणि २००६ मध्ये आकसलेली झडप फुग्याने रुंद करून घ्यावी लागली. आज ती बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

आईचा काढा चुकीचा नव्हता. त्याने बहिणीला आराम दिला, तेवढंच त्याचं काम होतं. तो घसा औषधाविनाही चार-पाच दिवसांत उतरलाच असता, कारण असे घसे उतरतातच. फसगत नेमकी तिथे होते. घसा दुखायचा थांबणं आणि आतला जंतू मरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलं काम घरच्या उपायांनी छान होतं. दुसरं काम काही थोड्या घशांतच लागतं, पण तिथे औषधावाचून चालत नाही. तो घसा कोणता, हे ओळखायला आधी शिकावं, काढ्याची कृती त्यानंतर.

आधी बघा

मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा. मोबाईलची बॅटरी लावा. तोंड मोठं उघडून "आऽऽ" म्हणायला सांगा. दिसत नसेल तर चमच्याचा दांडा जिभेच्या पुढच्या अर्ध्या भागावरच हलका दाबा. मागे नेलात की उलटी येते आणि पुढच्या वेळी मूल तोंडच उघडत नाही. एक गोष्ट मात्र पाळा. मुलाच्या तोंडातून लाळ गळत असेल, श्वास घेताना घर्र आवाज येत असेल किंवा ते मान पुढे काढून बसलं असेल, तर चमचा लावूच नका. तसंच उचलून रुग्णालयात न्या.

चार गोष्टी पाहायच्या. ताप १०० च्या वर आहे का. खोकला *नाही* ना. जबड्याच्या कोनाखाली, गळ्याच्या पुढच्या बाजूला हात लावल्यावर दुखणाऱ्या गाठी आहेत का. आणि टॉन्सिल लालभडक सुजलेत का, त्यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे-पिवळे ठिपके आहेत का. या खुणा जितक्या जास्त, तितका स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) जंतूचा संशय दाट. सांधेवाताचा ताप याच जंतूच्या घशामागून येतो. वय ५ ते १५ असेल तर आणखी दाट, कारण हा घसा आणि त्यामागचा सांधेवाताचा ताप याच वयात जास्त येतो. माझा नियम साधा आहे. शाळकरी मुलात चारांतल्या दोन खुणा दिसल्या तरी त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. मोठ्या माणसात तीन-चार दिसल्या तर.

उलट नाक वाहतंय, शिंका आहेत, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे चुरचुरतायत, तर तो बहुतेक करून विषाणूचा घसा. घसादुखीचे बहुसंख्य प्रसंग याच जातीचे असतात. शाळकरी वयात साधारण चार-पाच मुलांमागे एखाद्याच्या घशात स्ट्रेप निघतो, मोठ्यांत दहांत एखाद्याच्या. बाकी सगळ्यांना आठवडाभर धीर, पाणी, गुळण्या आणि विश्रांती एवढंच पुरतं. तिथे अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग नाही.

घशात राखाडी, चिवट पडदा दिसला आणि पुसू गेल्यास रक्त आलं, तर तो घटसर्प असू शकतो. लसीमुळे तो कमी झाला आहे, पण संपलेला नाही. तुमच्या मुलाला पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर आणि पुढे १० व १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) दिलंय का, हे लसीचं कार्ड काढून आजच पाहा. दीड वर्षापर्यंतच्या लसी सगळे देतात आणि शाळेत घातल्यावरच्या विसरतात, हे मी दरवर्षी दाखले तपासताना बघते.

गुळण्या

कुठलाही एकच उपाय ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन. पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिली, कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ. कोमट म्हणजे करंगळी बुडवून सुखद वाटेल इतकं. कढत पाण्याने आधीच सोललेला घसा भाजतो. मीठ जास्त घातल्याने गुण जास्त येत नाही, घसा कोरडा पडतो. मिठाचं पाणी सुजलेल्या भागातलं पाणी थोडं ओढून घेतं आणि चिकटा सुटतो, म्हणून गिळायला हलकं वाटतं.

करायची रीतही महत्त्वाची. घोट घ्या, मान मागे टाका, घशात खळखळ आवाज होऊ द्या, मनात वीस मोजा, थुंका. अख्खा पेला संपवा. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी गिळायचं नाही, ब्लडप्रेशरवाल्यांनी तर नाहीच. सहा वर्षांखालच्या मुलाला गुळणी नीट जमत नाही, त्याच्यामागे लागू नका. त्याला कोमट वरणाचं पाणी चमच्याने पाजा. चिमूटभर हळद घालायची असेल तर घाला, काही बिघडत नाही.

काढा, मध, ज्येष्ठमध

आमच्या सांगलीत हळदीला कमी नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी मी प्रामाणिकपणे सांगते, हळदीचं दूध हे झोपताना घशाला मऊपणा देणारं गरम पेय आहे. त्यातली हळद रक्तात फार थोडी उतरते. प्या, बरं वाटतं, पण त्यावर जंतू मारायची जबाबदारी टाकू नका. हळकुंड आणून घरी दळलेली चांगली, कारण भेसळीच्या पिवळ्या रंगात शिसं सापडतं.

माझा काढा असा: अडीच कप पाणी, तुळशीची सात-आठ पानं, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, चार मिरी, एक लवंग, गवती चहाच्या दोन पाती. उकळून दीड कप राहिलं की गाळायचं, गूळ घालायचा, दोघांनी प्यायचं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार दिवस. करोनाच्या काळात लोकांनी सुंठ-मिरी-दालचिनीचे काढे दिवसात चार-चार वेळा महिनोन् महिने घेतले, आणि पित्त, तोंड येणं, मूळव्याध घेऊन बसले. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी मिरी-सुंठ सोडून नुसतं धणे-बडीशेपेचं पाणी खडीसाखर घालून घ्यावं. आणि घसादुखी रोज सकाळी, आंबट ढेकरांसोबत असेल तर मूळ पोटात आहे. तिखट काढ्याने ती वाढेल.

गुळवेलीबद्दल थोडं सावध. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते. कुंपणावरचा वेल तोडून काढा करणाऱ्याला ही गल्लत कळणार कशी? दोन-चार दिवसांच्या घशासाठी मला तो धोका घ्यावासा वाटत नाही.

मधाचा चमचा कोरड्या खोकल्याला आणि घशाच्या खवखवीला खरोखर आराम देतो, विशेषतः रात्री. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नको, बोट बुडवून चाटवायलाही नको. मधात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात. बारशाला, पाचवीला जिभेवर मध लावायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आमच्या घरात थांबवली, सासूबाईंना नीट समजावून.

ज्येष्ठमध हे मला सगळ्यात आवडतं घशाचं औषध. बोटभर काडी सोलून तोंडात धरायची आणि तिचा गोड रस हळूहळू घशाखाली उतरू द्यायचा. याचा पुरावाही बऱ्यापैकी आहे. ऑपरेशनला भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या करवल्या तर श्वासासाठी घशात घातलेल्या नळीने होणारी घसादुखी कमी होते, असं भारतातल्या भूलतज्ज्ञांनीही तपासून पाहिलंय. पण त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. ब्लडप्रेशर, हृदयाचा आजार, लघवी होण्याच्या गोळ्या, गरोदरपण यांत ज्येष्ठमध नको. माझ्या बहिणीला इतका आवडता उपाय वर्ज्य आहे, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

अडुळशाची एक गोष्ट सांगायलाच हवी. आपली आजी ज्या पानांचा रस मधातून द्यायची, त्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. त्याचाच पुढचा भाऊ अॅम्ब्रोक्सॉल आज बऱ्याच कफ सिरपांत असतो. म्हणजे घरचं आणि दुकानातलं हे दर वेळी एकमेकांचे वैरी नसतात. मात्र अडुळसा कफ असलेल्या खोकल्यासाठी. नुसता घसा दुखत असेल तर त्याचं तिथे काम नाही. गरोदर बाईने तो घेऊ नये.

थंड द्यायचं की नाही यावर घरोघरी वाद होतात. मला तापलेल्या घशाच्या, काहीच न खाणाऱ्या मुलाला थंड खीर, ताक, अगदी आइस्क्रीम देण्यात गैर दिसत नाही. टॉन्सिल काढल्यावर डॉक्टर तेच खायला देतात. गारवा दुखणं बधिर करतो आणि पोटात काहीतरी जातं. पाणी कमी पडणं मुलासाठी जास्त वाईट.

आणि हे करू नका: "पडजीभ पडली" म्हणून बोटाला मीठ-राख लावून घसा दाबणं, टाळूवरचे केस ओढणं, गळ्यावर बिब्बा लावणं. बिब्ब्याने भाजलेली मानेची कातडी मी पाहिली आहे, मूल सहा वर्षांचं होतं. लहान मुलाला गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफही देऊ नका. पातेलं कलंडतं.

दुकानातलं औषध

दुखणं आणि ताप यांना पॅरासिटॅमॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. मुलांना वजनावर: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३००. इथे चूक होते ती बाटलीत. एका बाटलीच्या ५ मिलीत १२० च्या आसपास असतं, दुसरीत २५०. दिसायला दोन्ही सारख्या. नेहमीचं "एक झाकण" देण्याआधी लेबल वाचा. सर्दीच्या एकत्र गोळीत पॅरासिटॅमॉल आधीच असतं, तिच्यावर वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो.

आयब्युप्रोफेन घशाच्या सुजेला जास्त चांगलं चालतं, जेवणानंतर घेतलं तर. पण पावसाळ्यात ताप असताना मी ते घेत नाही, कारण तो डेंग्यू निघाला तर त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना अॅस्पिरिन नको. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंद आहे, तरी जुनी बाटली कुणाच्या फडताळात निघते. टाकून द्या.

बेन्झिडामिनची गुळणी दुखरा घसा थोडा वेळ बधिर करते, जेवणाआधी पंधरा मिनिटं केली तर घास उतरतो. चघळायच्या गोळ्या मोठ्यांना ठीक. खदिरादी वटी ही आयुर्वेदिक गोळीही तशीच चघळायची. लहान मुलांना त्या गोळ्या नकोत, श्वासनलिकेत अडकतात. आयोडिनची गुळणी थायरॉईडच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय करू नये.

पोरांना खोकल्याचं सिरप मनाने देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात एका कफ सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत.

अँटिबायोटिक

ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. "घशासाठी तीन गोळ्यांचा कोर्स द्या" म्हणून दुकानात उभं राहणारे माझ्याच शाळेतले शिक्षक आहेत. त्यांचा घसा बहुतेकदा विषाणूचा असतो, चौथ्या दिवशी उतरतो, आणि श्रेय गोळ्यांना जातं. हे आईच्या काढ्यासारखंच झालं, फक्त यात नुकसान जास्त.

पण डॉक्टरांनी तपासून स्ट्रेप म्हटलं, तर मागे हटू नका. पेनिसिलीन किंवा अॅमॉक्सिसिलीन पूर्ण १० दिवस. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि आई उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवते. त्या ठेवू नका, संपवा. जिथे दहा दिवस जमणार नाहीत तिथे डॉक्टर पेनिसिलीनचं एकच लांब काम करणारं इंजेक्शन देतात. पेनिसिलीनची अॅलर्जी घरात कुणाला असेल तर आधी सांगा. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तर सांधेवाताचा ताप बहुतेक टळतो. म्हणून दोन दिवस गुळण्या करून बघण्यात काही जात नाही, पंधरा दिवस बघण्यात जातं.

कुणी थांबायचंच नाही

एकाच बाजूला असह्य दुखतंय, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात घास धरल्यासारखा येतो, तर टॉन्सिलच्या बाजूला पू झालेला असू शकतो. तो काढावा लागतो. लाळ गिळता न येणं, श्वासाला आवाज, मान आखडणं, बारा तास लघवी न होणं, यांतलं काहीही असेल तर रात्रीच निघायचं.

थायरॉईड जास्त चालतं म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्यांना ताप आणि घसादुखी झाली तर त्यांनी त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्यात. ही गोळी क्वचित त्या पेशी एकदम घटवते. केमोथेरपी किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांनाही हाच नियम. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, त्यात तंबाखू, गुटखा किंवा दाताला मिश्री लावायची सवय असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आतून बघून घ्या. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

आवाज बसल्यावर आम्हा शिक्षकांची एक चूक होते: कुजबुजत शिकवणं. कुजबुजण्याने स्वरयंत्रावर ताण वाढतो. मी दोन दिवस फळ्यावर लिहून आणि टाळीवर वर्ग चालवते.

माझ्या हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक रकाना आहे. ज्या मुलाला तापासकट घसा आला त्याचं नाव आणि तारीख. पुढे महिनाभर त्याच्याकडे लक्ष असतं, तिसऱ्या आठवड्यापासून जास्तच. पीटीच्या तासाला त्याला धावायला लावते, गुडघे-घोटे बघते, लिहिताना हात आपोआप झटके देतोय का, अक्षर एकाएकी बिघडलंय का तेही बघते, कारण हाच ताप काही मुलांत तसाही उमटतो. जरा शंका आली की घरी चिठ्ठी जाते आणि आशाताईंना फोन.